सेंट नाझेर की वेमोर्क?

कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, त्यामुळे नागपुरात फौजेच्या गप्पांना तोटा नाही. धरमपेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत एनसीसीची पोरं हमखास विचारतात, दुसऱ्या महायुद्धातला सर्वांत भारी छापा कोणता? माझ्यासमोर दोन नावं येतात.

सेंट नाझेर, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधलं बंदर. तिथली उघडउघड धडक. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिशांनी स्फोटकांनी भरलेली ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी विनाशिका गोदीच्या दरवाजावर घातली. काही तासांनी, दुपारी जहाज फुटलं आणि ‘टिर्पिट्झ’ ही जर्मनांची अवाढव्य युद्धनौका मावेल अशी अटलांटिक किनाऱ्यावरची एकमेव गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. पण ६११ जणांपैकी १६९ मेले, दोनशेहून जास्त पकडले गेले.

वेमोर्क म्हणजे नॉर्वेतला, जर्मनांच्या ताब्यातला जड पाण्याचा कारखाना; हे पाणी जर्मनांना अणुसंशोधनासाठी हवं होतं. तिथे, फेब्रुवारी १९४३ मध्ये, छापा घालणारे नऊ नॉर्वेजियन होते. पूल पहाऱ्यात, म्हणून ते रात्री बर्फातून खोल दरीत उतरले, नदी ओलांडून पलीकडचा कडा चढले. त्यांचा म्होरक्या योआकिम रोनेबर्ग केबलच्या बोगद्यातून सरपटत आत शिरला. स्फोटकं लावत असताना तिथला नॉर्वेजियन पहारेकरी म्हणाला, माझा चष्मा राहिलाय. युद्धात नवा चष्मा कुठून मिळणार? वात पेटवायची थांबवून त्यांनी तो शोधून दिला! सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेलं. गोळी एकही सुटली नाही. पाच जण स्कीवर ४०० किलोमीटर कापून स्वीडनला पोचले.

टिकाऊ परिणाम पाहिला तर सेंट नाझेर सरस. वेमोर्कचा कारखाना काही महिन्यांत पुन्हा सुरू झाला. तरी आखणी शिकायची असेल, तर मी पोरांना वेमोर्कच आधी सांगतो.