डॉनिंग्टन की रिव्हर प्लेट? एसी/डीसीची एकच डिस्क घ्यायची तर

मावसभावाने ५५ इंची टीव्ही घेतला आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "एसी/डीसीची एकच ब्लू-रे घेणाराय. डॉनिंग्टन का रिव्हर प्लेट, एका शब्दात सांग." दोन्ही या रॉक बँडच्या मैफलींच्या फिल्म. एका शब्दात जमेना, म्हणून माझ्याकडच्या दोन्ही डिस्क पिशवीत घालून रविवारी त्याच्या घरी गेलो. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली यंत्रमाग आणि वर राहायची खोली. माग चालू असले की खटखट फरशीतून तळपायात येते. आवाज पारखायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, पण त्याला बघायचंय ते याच खोलीत.

दोन्ही फिल्मचा दिग्दर्शक एकच, डेव्हिड मॅलेट. डॉनिंग्टनचा कार्यक्रम १७ ऑगस्ट १९९१ चा, इंग्लंडमधल्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवातला. रिव्हर प्लेट डिसेंबर २००९ चं, ब्युनॉस आयर्सच्या फुटबॉल स्टेडियममधल्या तीन रात्रींतून जुळवलेलं आणि २०११ मध्ये बाजारात आलेलं. मधे अठरा वर्षं गेली. गायक ब्रायन जॉन्सन पहिल्यात ४३ चा, दुसऱ्यात ६२ चा.

आधी चित्राचं बोलू, कारण लोक इथेच फसतात. नवीन ते चांगलं दिसणार असं गृहीत धरतात. डॉनिंग्टन ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालंय. १९९२ च्या व्हीएचएस कॅसेटमध्ये त्यातलं निम्मंसुद्धा दिसत नव्हतं. ब्लू-रेवर ते बाहेर येतं: गिटारवादक अँगसच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला घामाचा थेंब, मखमली चड्डीची झिजलेली किनार. थोडे दाणे दिसतात, ते फिल्मचेच आहेत, डिस्क खराब नाही. रिव्हर प्लेट एचडी कॅमेऱ्यांवरचं, त्यामुळे लख्ख, धारदार, रंग झगझगीत. शोरूममध्ये शेजारी शेजारी लावलं तर दहातले आठ जण रिव्हर प्लेटच उचलतील.

पण त्याचं एडिटिंग! एका शॉटवर डोळा ठरतो न ठरतो तोच दुसरा. गिटारचा सोलो चालू आहे, बोटं दिसायला लागली की लगेच गर्दी, मग क्रेन, मग पुन्हा गर्दी. पाचव्या मिनिटाला भाऊ म्हणाला, "आपण गाणं बघूलालोय का डोळे मिचकावूलालोय बे?"

त्याला गड्ड्याचं, म्हणजे इथल्या जत्रेचं, उदाहरण दिलं. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात. ते गच्चीवरून बघितले तर रस्ता कसा फुललाय ते दिसतं. ध्वज धरणाऱ्याच्या शेजारून चाललात तर त्याच्या कमरेला बसणारा ताण दिसतो. रिव्हर प्लेट ही गच्ची आहे. तीन रात्री मिळून जवळजवळ दोन लाख माणसं, आणि 'थंडरस्ट्रक'ला ती एकदम उड्या मारतात तेव्हा अख्खं मैदान उकळत्या आमटीसारखं हलतं. अर्जेंटिनाचे लोक शब्दांवर थांबत नाहीत, गिटारची धूनसुद्धा गातात. असली गर्दी डॉनिंग्टनमध्ये नाही. तिथे माणसं भरपूर, पण इंग्रजी शिस्तीची.

डॉनिंग्टन मात्र माणसाच्या शेजारून चालतं. ड्रमवर ख्रिस स्लेड, टक्कल आणि दोन्ही बाजूंना उंच टांगलेले दोन प्रचंड ड्रम. 'थंडरस्ट्रक'मध्ये तो हात पसरून त्यांच्यावर घाव घालतो तेव्हा खांद्याचा स्नायू हललेला दिसतो. आणि दुसरा गिटारवादक माल्कम यंग. मागे अँपच्या शेजारी उभा, गुडघा हलतोय, मनगट चालतंय. कोरस आला की माइकपाशी येतो, ओरडतो, परत जागेवर. सगळा बँड त्या मनगटावर उभा आहे हे डॉनिंग्टन बघताना कळतं. गिटार शिकणाऱ्याने डोळे झाकून हीच घ्यावी.

आता रिव्हर प्लेटच्या बाजूने एक गोष्ट, आणि ती हलकी नाही. माल्कम २०१७ मध्ये गेला. रिव्हर प्लेट ज्या ब्लॅक आइस दौऱ्यातलं, त्या दौऱ्यानंतर, म्हणजे जून २०१० नंतर, तो बँडबरोबर स्टेजवर आलाच नाही. शिवाय इथे ड्रमवर फिल रड आहे, आणि त्याचा ठोका खालच्या मागासारखा: न सजवता, न चुकता. 'बॅक इन ब्लॅक' लागलं तेव्हा माग चालूच होते, आणि चारदोन ओळी दोन्ही इतके जुळले की आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

आवाजात रिव्हर प्लेट भरदार आहे, खालचा बास छातीत बसतो. ब्रायनचा गळा मात्र घासलेला. डॉनिंग्टनमध्ये तो कर्कश असला तरी वर चढतो. शेवटी 'फॉर दोज अबाउट टू रॉक'च्या तोफा दोन्हीकडे आहेत. मावशी खालून एकदाच ओरडली, ती रिव्हर प्लेटच्या तोफेला.

कुठलीही घेतलीत तरी टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर डॉनिंग्टनची फिल्म दुपारच्या मालिकेसारखी दिसते. साउंडबार साध्या एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीवर) जोडला असेल तर डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा ५.१, म्हणजे चहूबाजूंनी येणारा, आवाज त्यातून जात नाही, त्याला ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती लागते. दहा बाय बाराच्या खोलीत मी तर सरळ स्टीरिओ ट्रॅक लावतो, गिटार जास्त सुटी ऐकू येते.

माझं मत डॉनिंग्टन. तसं स्पष्ट सांगितलं, कारणं सांगितली, बोटांचे शॉट दोनदा मागे नेऊन दाखवले. भावाने शेंगाचटणीची भाकरी संपवली, हात पुसले आणि मोबाइलवर रिव्हर प्लेट मागवली.

"अरे, मग इतका वेळ मी काय सांगूलालोय?"

"डॉनिंग्टन तुझ्याकडं आहेच की. ती इथंच ठेवून जा."