संस्थेची कागदपत्रं बाहेर ठेवायला देऊन 3 वर्षं झाली, हा अनुभव

आधीच सांगते, ही सर्व्हिस आम्ही हौसेनं घेतलेली नाही. रेकॉर्ड रूमच्या वरच्या मजल्यावर पाइप फुटला, तोही शनिवारी संध्याकाळी, आणि सोमवारी कुलूप उघडलं तर खालच्या रॅकमधल्या फायली फुगून एकमेकींना चिकटलेल्या. ओल्या कागदाला साधारण 48 तासांत बुरशी धरायला लागते हे तेव्हा कळलं, आणि आमचे तेवढे तास बंद कुलपाआडच गेले होते. भिजलेले गठ्ठे तसेच गोठवायचे आणि मग व्हॅक्यूममध्ये वाळवायचे असतात म्हणे, पण हे सांगणारा भेटेपर्यंत आम्ही पानं सुटी करायच्या नादात निम्मी फाडून ठेवली होती.

तर सर्व्हिस. कागद सांभाळणारी कंपनी रिकामे खोके देते, आपण भरायचे, प्रत्येकाला बारकोड आणि नंबरवाला सील, आणि खोका ज्या ज्या हातात जातो तिथे सही आणि वेळेची नोंद. गाडीवाल्याची पावती जपून ठेवा, वाद झाला तर तीच कामाला येते. सगळं दप्तर मात्र उचलून देऊ नका, भाडं भरत बसाल. आम्ही नोंदणीची कागदपत्रं, इतिवृत्तं, करार, मालमत्तेचे दस्त, पगाराचं रेकॉर्ड आणि बॅकअपच्या टेप (कॉम्प्युटरमधल्या डेटाची प्रत ठेवायच्या चुंबकी फिती) एवढंच दिलं, म्हणजे उद्या ऑफिस जळालं तर ज्याच्याशिवाय परत उभं राहता येणार नाही तेवढंच.

गोडाऊन बघायला स्वतः गेले होते आणि तुम्हीही जाच. खालचा रॅक जमिनीपासून वर उचललेला, छताला आग लागली की पाणी फवारणारे स्प्रिंकलर, आणि टेपची खोली वेगळी, थंड. स्प्रिंकलर बघून आमचे अकाउंटवाले घाबरले, म्हणाले अहो कागद भिजतील की. त्यांना मी अमेरिकेतल्या सेंट लुईसचं उदाहरण दिलं. 12 जुलै 1973 ला तिथल्या सैनिकी रेकॉर्डच्या इमारतीला आग लागली, जळालेल्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते, आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या, ज्यांची ना दुसरी प्रत होती ना मायक्रोफिल्म. जे नुसतं भिजलं होतं त्यातलं बरंच वाळवून वाचवलं. राख कोण वाळवणार?

टेपची खोली वेगळी का, हा प्रश्न मला होताच. कागदासाठीचं फायरप्रूफ कपाट आगीत आतलं तापमान 177 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवतं, कागद तेवढं सोसतो, पण टेप, डिस्क असल्या मीडियासाठी हीच मर्यादा 52 ते 66 अंशच असते. आणि आम्ही बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवून वर्षानुवर्षं निवांत झोपत होतो! बरं, ऑफसाइट, म्हणजे ऑफिसबाहेर दुसरीकडे ठेवणं, यात शेजारची बिल्डिंगसुद्धा चालत नाही. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, ते पण गेले.

आता खरी परीक्षा. मी न सांगता एक खोका मागवला, दुसऱ्या दिवशी दुपारी आला, सील शाबूत, नंबर जुळला. खूश. मग एक जुना भाडेकरार हवा झाला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, मॅडम खोका नंबर? आणि आमच्या यादीत 11 खोक्यांवर लिहिलेलं, ‘जुने कागद’. अकराच्या अकरा मागवले, प्रत्येकाचे काढायचे पैसे वेगळे, परत ठेवायचे वेगळे. यात त्यांची चूक शून्य. खोक्यात काय आहे ते त्यांना माहीत नसणं हाच तर सौदा आहे, यादी आपलीच पाहिजे, आणि ती यादीही फक्त ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरवर नको.

टेपचीही तशीच गंमत झाली. टेप छान थंडगार सांभाळलेली, पण ती एलटीओ-6 ची (एलटीओ हा टेपचा प्रकार, आकडा म्हणजे त्याची पिढी) आणि टेप वाचायचा आमचा नवा ड्राइव्ह एलटीओ-8, जो फक्त 7 आणि 8 च वाचतो. शेवटी जुना ड्राइव्ह उसना आणला.

तक्रारी दोन. एक, कामावरून गेलेल्या आमच्या माणसाचं नाव खोके मागवणाऱ्यांच्या यादीतून काढा म्हणून मेल केला, तर दोनदा आठवण करून दिल्यावर काढलं. एवढं कडेकोट गोडाऊन आणि जुना माणूस फोन करून खोका मागवू शकतोय, काय अर्थ आहे? यासाठी मी पूर्ण एक स्टार कापलाय. दुसरी, खोका कायमचा परत घ्यायचा तर त्याचा वेगळा चार्ज, तो करारात शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, म्हणजे सोडून जायचं म्हटलं तर आपलेच कागद पैसे मोजून सोडवायचे. घेताना सगळे महिन्याचं भाडं विचारतात, हे कुणी विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं.

5 पैकी 4. रिन्यूअलचा कागद टेबलावर आलाय, ते कलम खोडून परत पाठवलंय, बघू काय म्हणतात.