वॉल्टर कॉफमन यांचे चेंबर संगीत : एक ऐकण्याजोगा ध्वनिसंच

आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी येथे १९०७ साली जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन नाझी राजवटीच्या छायेतून निसटून १९३४ मध्ये मुंबईत आले आणि युद्ध संपेपर्यंत इथेच राहिले. आकाशवाणीची परिचयधून त्यांच्या नावावर सांगितली जाते. मात्र त्यापलीकडचे त्यांचे काम आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर पडलेले नाही. ती उणीव टोरांटोच्या एआरसी आँसाँब्ल या चेंबर संगीत (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचे संगीत) सादर करणाऱ्या गटाने शांडोस कंपनीसाठी २०२० मध्ये काढलेल्या या ध्वनिसंचाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे.

संचातील अकराव्या स्ट्रिंग क्वार्टेटकडे (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांसाठीची रचना) विशेष लक्ष द्यावे. संथ जागी व्हायोलिन मोजक्या स्वरांभोवती घोटाळते तेव्हा आलापीची आठवण होते, पण खालची वाद्ये युरोपीय शिस्त सोडत नाहीत. रागाची नक्कल न करता त्याची चाल आत्मसात करणारा हा संगीतकार म्हणूनच वरवरच्या ‘पौर्वात्य’ रंगकामापासून दूर राहतो. तीन व्हायोलिन, एक व्हायोला, दोन चेलो आणि पियानो यांसाठीचे सेप्टेटही (सात वाद्यांची रचना) भरदार आहे. व्हायोलिन व पियानोसाठीची सोनाटिना (छोटेखानी सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना) मात्र मला काहीशी हलकी वाटली.

वादन नेटके आहे, कुठेही भावविवश होत नाही. मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचना यात नाहीत, ही खंत राहते. कॉफमन यांनी पुढे कॅनडात विनिपेग सिम्फनी या वाद्यवृंदाचे संचालकपद सांभाळले असल्याने ती अधिकच जाणवते. नवख्या श्रोत्याने सुरुवात अकराव्या क्वार्टेटपासूनच करावी.