शाळेचं ग्रंथालय: तयार संच घ्यावा की एकेक पुस्तक निवडावं?

ग्रंथालयाचं अनुदान आलं की गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेला ठरवावं लागतं: विक्रेत्याचा तयार संच घ्यायचा, की शिक्षकांनी एकेक पुस्तक पाहून यादी करायची? समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांसाठी, त्यांच्या स्तरानुसार, वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. प्राथमिक शाळेच्या वाट्याला यातली सर्वांत लहान रक्कम येते, त्यामुळे निवड चुकली तर ती निस्तरायला वर्षभर थांबावं लागतं.

संचाची सोय खरी आहे. एकच कोटेशन, एकच बिल, सवलतही बरी आणि मार्चअखेरच्या आत हिशेब पूर्ण. दोन शिक्षकांच्या शाळेत ही सोय लहान नव्हे. शब्दकोश, नकाशासंग्रह, विज्ञानाची माहितीपुस्तकं अशी घ्यायला माझी हरकत नाही. गोष्टींच्या पुस्तकांबाबत मात्र आहे. संचात बोधकथा आणि थोरांची त्रोटक चरित्रं भरपूर असतात, पण दुसरीतलं मूल आपलं आपण वाचेल अशी मोठ्या अक्षरांची, बोलक्या चित्रांची पुस्तकं मोजकीच.

त्याहून मोठी अडचण भाषेची. पेडणे, सत्तरी, डिचोलीतली कितीतरी मुलं घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. शेजारच्या बाकावर घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारं मूल असतं. पुण्या-मुंबईत बांधलेल्या संचाला ही मुलं ठाऊक नसतात. मराठीच्या जोडीला देवनागरी कोकणीतली गोष्टींची पुस्तकं हवी असतील, आणि ती हवीतच, तर ती शोधूनच आणावी लागतात.

निवडीला वेळ लागतो, पण वाटतो तितका नाही. पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बालविभाग आहे. तिथे पुस्तकं हाताळून बघता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी गोष्टी मोफत वाचायला मिळतात. त्या वर्गात वाचून दाखवा. मुलं कुठे पुढे सरकून बसतात ते दिसेल. पराग ऑनर लिस्ट ही निवडक बालपुस्तकांची यादी चांगली आहे, पण ती हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांची. मराठीसाठी डोळे आपलेच वापरायचे. निवडायला बसताना तिसरी-चौथीतली दोन-तीन मुलं सोबत घ्या. आणि बांधणी बघाच. पिन मारलेल्या पुस्तिका आपल्या पावसाळ्यात गंजतात, पानं सुटतात. शिवलेली बांधणी थोडी महाग पडली तरी घ्यावी.

देणगीतली पुस्तकं नाकारण्याचा हक्क राखूनच स्वीकारा. जुन्या गाइडांनी कपाट भरतं, एवढंच.

कपाट अगदी रिकामं असेल आणि मुदत आठवड्यावर असेल, तर संदर्भपुस्तकांचा छोटा संच घ्या, उरलेल्या पैशांत मिळतील तेवढी पुस्तकं स्वतः निवडा. थोडीफार पुस्तकं आधीच असतील, तर संचाकडे वळूच नका. ज्या पुस्तकासाठी मुलं भांडतात त्याच्या आणखी दोन प्रती आणा. फाटेल, मग हिशेब कोण देणार, या धास्तीने कपाटाला कुलूप लागतं; म्हणून फाटलेल्या आणि बुरशी लागलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, ठराव दरवर्षी शाळा व्यवस्थापन समितीत करून घ्या, दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेली पुस्तकं लिहितात त्या वहीत, तशी नोंद करा आणि त्यांतली मुलांच्या आवडीची पुस्तकं पुढच्या यादीत सर्वांत वर लिहा.