शाईची रिबिन आणि गेलेली लाइट: 'रेसिडेंट एव्हिल 2' आठ महिन्यांनंतर

मंगळवारी रात्री पावणेबाराला लाइट गेली आणि 'रेसिडेंट एव्हिल 2' या भयपट-छाप व्हिडिओ गेममधला माझा दीड तास पाण्यात गेला. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालते, पीसी नाही. हार्डकोरला, म्हणजे गेमच्या सगळ्यात कठीण पातळीला, ऑटोसेव्ह नसतो; खेळ आपोआप साठवला जात नाही. गेममधल्या बॅगेत सेव्ह करायला लागणाऱ्या शाईच्या दोन रिबिनी होत्या, 'पुढे लागतील' म्हणून जपलेल्या.

ग्राफिक्स, कथा वगैरेंवर 2019 पासून सगळ्यांचं लिहून झालंय. मी गेम सेलमध्ये घेतला, त्यामुळे पैशांची तक्रार नाही. तक्रार रिबिनीची. स्टँडर्डला, म्हणजे साध्या पातळीला, टाइपरायटर (सेव्ह करायची जागा) दिसला की हवं तितकं सेव्ह करा, फुकट. हार्डकोरला दर सेव्हला एक रिबिन जाते, वर ती बॅगेतला खण अडवते. आपण ज्याला खेळवतो त्या लिऑनकडे सुरुवातीला खण आठच! पिस्तूल, गोळ्या, सुरी, हिरवी वनस्पती, दोन किल्ल्या... झाली बॅग. गेम घडतो त्या अख्ख्या पोलीस ठाण्यात शाईचं रेशन? पहिले दोन महिने मी याला शुद्ध छळ म्हणत होतो.

मत बदललं मिस्टर एक्समुळे, म्हणजे सतत मागे लागणाऱ्या राक्षसी धिप्पाड शत्रूमुळे. पडलेलं हेलिकॉप्टर एका हाताने बाजूला सारून येतो तो. गोळ्यांनी मरत नाही, फार तर गुडघ्यावर बसतो. स्टँडर्डला त्याने धरलं तर मी मुकाट मार खायचो आणि मागचा सेव्ह उघडायचो. हार्डकोरला चाळीस मिनिटं सेव्ह न करता फिरतोय आणि कुठूनतरी धप धप ऐकू येतंय, म्हणजे घाम फुटतो. त्यात समोरच्या बोळात लिकर, लांब जिभेचा राक्षस. तो आंधळा आहे. हळू चाललं तर शेजारून जाता येतं. पण मागून एक्स येत असताना हळू कोण चालणार? तीच रिबिन नसती तर हा प्रसंग मी जांभई देत काढला असता, हे कबूल.

चिकटपणा मात्र अंगाशी येतो. पहिल्यांदा गेम संपला तेव्हा सामान ठेवायच्या पेटीत मॅग्नम या जबर पिस्तुलाच्या गोळ्या जशाच्या तशा. आमच्याकडे नव्या चादरी पाहुण्यांसाठी ठेवतात आणि त्या कपाटातच पिवळ्या पडतात, तसं. आता झाँबीच्या डोक्यावर गोळ्या उधळत नाही, पायावर मारतो आणि बाजूने निघतो. खिडक्यांना फळ्या मात्र लगेच ठोकतो, नाहीतर परतीच्या वाटेवर काचेतून हात येतातच.

तरी एक राग आहेच. मधेच उठायचं असेल तर तात्पुरता सेव्ह नाही. पॉज आहे, पण पॉजला लाइट लागते. यूपीएसची चौकशी केली. गेमच्या चौपट किंमत. राहू दे म्हटलं.

काल पुन्हा सुरुवात केली. पहिल्याच टाइपरायटरला एक रिबिन खर्च केली. दुसरी अजून पेटीत आहे.