चारीचे पाणी की शेततळे? नाशिकच्या शेतकऱ्यासाठी दोन वाटांचा हिशेब

दिंडोरी, निफाड भागातल्या बागायतदारापुढे आज दोन वाटा आहेत. हाताशी असलेला पैसा शेततळ्यात घालायचा, किंवा चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, पाणी वापर संस्थेत मन लावून उतरायचे. एका चारीवरचे शेतकरी मिळून कालव्याचे पाणी घेतात आणि आपसात वाटतात, ती ही संस्था. बहुतेकांचा कल शेततळ्याकडे असतो. ते आपल्या बांधाच्या आत असते, कुणाची मनधरणी करावी लागत नाही, आणि द्राक्षाच्या खरड छाटणीच्या वेळी, एप्रिलच्या उन्हात, समोर पाणी दिसले की जिवाला धीर येतो. ही भावना खोटी नाही. पण निर्णय घेण्याआधी ते पाणी नेमके कुणाचे, हे पाहायला हवे.

पाणी हा राज्यसूचीतला विषय. केंद्राने १९८७, २००२ आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय जलनीती जाहीर केली. ती कायदा नाही, दिशा आहे. २०१२ ची नीती म्हणते की पाणी ही समाजाची सामाईक ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे. भूजलही त्यातच येते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यामुळे जमीनमालकाला आपल्या जमिनीखालच्या पाण्यावर मालकी असल्यासारखे वाटते, म्हणून तो कायदा बदलावा लागेल असे या नीतीत स्पष्ट लिहिले आहे. विजेच्या वापरावर नियमन आणून भूजलाचा बेसुमार उपसा रोखावा, असेही ती सांगते. आणि पाणी वापर संस्थांना कायद्याने अधिकार द्यावेत, त्यांनी पाणीपट्टी गोळा करावी, त्यातला वाटा स्वतःकडे ठेवावा, मोजून मिळालेले पाणी आपसात वाटावे, हेही तीच सांगते. म्हणजे या दोन वाटांपैकी देशाचे धोरण कोणत्या बाजूला उभे आहे, हे कळायला फार वाचावे लागत नाही.

शेततळ्यापासून सुरुवात करू. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यातले ३० × ३० × ३ मीटरचे तळे घ्या. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. आकडा मोठा वाटतो, पण हेच पाणी पाच एकरांवर पसरले तर जेमतेम ११ सेंटीमीटर भरते. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो, म्हणून पातळी नुसत्या उन्हाने एक सेंटीमीटर उतरली की ९ हजार लिटर हवेत गेले. मार्चनंतर हे नुकसान रोजचे. हेच पाणी विहिरीत, जमिनीखाली राहिले असते तर उडाले नसते.

खरी गोम भरण्यात आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून तळे भरत असेल तर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखे काही नाही. पण पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा कागद टाकलेली मोठमोठी तळी पावसाळ्यात आणि नंतरही विहिरीवरून, बोअरवरून मोटार लावून भरली जातात. आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट. पाणी धरतो तो वरचा कुजलेला, भेगाळलेला थर, आणि त्याची साठवण तुटपुंजी. एकाने वर उपसले की शेजारच्या विहिरीची पातळी खाली जाते. मग शेजारीही तळे खोदतो. तळे पाणी निर्माण करत नाही, ते पाण्याचा धनी बदलते. ज्याला कागद परवडत नाही त्याची विहीर माघातच तळ दाखवते, हे आपण सगळे पाहतो, आणि ते मला मनापासून खुपते.

आता संस्था. दाखला शोधायला लांब जायला नको. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात संस्था उभ्या करायला घेतल्या. पुढे त्यांची संख्या २४ झाली आणि संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या महासंघाकडे आले. राज्यात असे पहिल्यांदा झाले ते इथे. २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा यानंतरचा.

तिथली पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. चारीच्या मुखाशी प्रवाहमापक आणि त्यावर गेजपट्टी, म्हणजे पाण्याची उंची दाखवणारी खुणांची पट्टी. आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्याला ठरलेल्या पाळीचे पाणी, सुटले की जलसंपदा विभागाचा माणूस आणि संस्थेचा माणूस दोघे मिळून ती वाचतात, नोंद होते आणि पाणीपट्टी घनमीटरवर लागते. पूर्वी आकारणी पिकावर आणि एकरावर होती, त्यामुळे पाणी वाचवणाऱ्याला काहीच सुटत नव्हते. आता ठिबक करणाऱ्याचा वाचलेला कोटा त्याच्याच दुसऱ्या तुकड्याला लागतो, आणि द्राक्ष लावायचे की गहू हे तो स्वतः ठरवतो. पाळी टेलकडून, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाकडून, सुरू केली तर शेवटच्या शेतकऱ्याचा विश्वास बसतो. बागलाणमधल्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतपट्ट्यांवर, पाटकऱ्याने वाटणी करायची रीत कित्येक पिढ्यांची आहे, तेव्हा हे आपल्याला परके नाही.

दोषही आहेत, आणि ते लपवू नयेत. कागदावर नोंदलेल्या पण प्रत्यक्षात निजलेल्या संस्था कमी नाहीत. गेज मोडलेला, चारी गवताने भरलेली, वरचा शेतकरी रात्री दार उचलतो आणि अध्यक्ष त्याचाच भाऊबंद, असे असेल तर संस्थेचा सभासद असून काही हाती लागत नाही. बैठकांना वेळ द्यावा लागतो. वाईटपणा घ्यावा लागतो.

पण गोदावरीवर आपल्या खाली असलेल्या, मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा मुद्दा विसरू नका. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. नेमकी तेव्हाच आपली द्राक्षाची फळासाठीची गोडी छाटणी. पाणी सोडताना नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. अशा वेळी एकट्या मोटारवाल्याचे कोण ऐकतो? ज्या संस्थेकडे करारातला कोटा आणि मोजणीच्या नोंदी आहेत, ती आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे आकड्याने बोलू शकते.

माझे मत असे. पालखेड, वाघाड, करंजवण, ओझरखेड यांच्या लाभक्षेत्रात असाल तर आधी संस्था. शेततळे हवेच असेल तर ते आवर्तनातल्या आपल्या कोट्यातून भरा, बोअरमधून नको. सिन्नरचा पूर्व भाग, चांदवड, नांदगावकडचे कालवा न पोहोचलेले गाव असेल तर शेततळे घ्या, पण ओहोळाच्या वाटेवर, वाहून जाणाऱ्या पाण्यावर. जमले तर चार-पाच जणांत एक सामूहिक तळे करा.

आणि अर्ज भरण्याआधी एक काम करा. गेल्या तीन उन्हाळ्यांत तुमच्या आणि शेजारच्या दोन विहिरींचे पाणी किती हातांवर होते ते विचारून लिहून काढा, आणि चारीच्या मुखाशी गेजपट्टी शाबूत आहे का ते बघून या. पट्टी मोडलेली असेल तर संस्थेच्या पुढच्या सभेत पहिला ठराव तिच्या दुरुस्तीचाच मांडा.