सरकारी केंद्र की प्रायव्हेट डॉक्टर?

खेड्यात राहणाऱ्यांचा हा नेहमीचा घोळ, म्हणून खर्च, वेळ आणि उपचार एवढंच धरून बघू.

खर्च म्हणाल तर सरकारी स्वस्त, पण कागदावर. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्याचीही मजुरी, आणि वर खिडकीवर "ही गोळी संपलीय, बाहेरून घ्या" ऐकायला मिळालं की स्वस्ताई तिथंच संपते. प्रायव्हेटवाला फी घेतो पण संध्याकाळी कामावरून आल्यावर उघडा असतो, कधी उधारीवरही भागतं. लोक तिकडे वळतात त्याचं निम्मं कारण हेच, आणि दुसरं म्हणजे बोलणं, सरकारी केंद्रात एकदा चारचौघांत खेकसलं की बाई परत त्या दारात जात नाही.

उपचारात मात्र मी सरकारीच्या बाजूने. साध्या व्हायरल तापाला सुई-सलाईन बहुतेकदा लागतच नाही, अँटिबायोटिक तर व्हायरसवर चालतच नाही, तरी प्रायव्हेटमध्ये सुई टोचली की पेशंट खूश! उलट टीबीचा कोर्स साधारण 6 महिन्यांचा, मधे सोडला की घात, तिथे सरकारी रजिस्टरात नाव असणं आणि घरी येऊन विचारणारी नर्स हेच कामाला येतं.

म्हणजे लस, गरोदरपणाची तपासणी, टीबी, बीपी-शुगर यासाठी सरकारी. रात्रीचा किरकोळ ताप-खोकला असेल तर जवळचा प्रायव्हेट, फक्त डिग्री बघून. बाळंतपणात रक्तस्राव किंवा झटके आले तर दोन्ही सोडा, रक्त आणि ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा, ते सरकारी की प्रायव्हेट हे नंतर बघा.